वसईचे संत गोन्सालो गार्सिया व त्यांचे सतरा गृहस्थ सोबती

राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास नदी कर्जतवरून वाहत जाऊन नेरळ, बदलापूर, कल्याण ही गावे मागे टाकीत वसईच्या खाडीने समुद्रास मिळते. या नदीच्या मुखाशी असलेल्या वसईत साडेचारशे वर्षांपूर्वी एक असा पुरुष जन्मास आला, की ज्याचे नाव दूर जपानातील नागासाकी शहरात आजही आदराने घेतले जाते. आमच्या विद्यालयात कर्जत व खालापूर या दोन्ही तालुक्यांतील मुले शिकतात. त्यांपैकी पुष्कळांनी असिसीच्या संत फ्रान्सिसांचे नाव ऐकलेले असते, आणि गोव्याचे संत फ्रान्सिस झेवियर तर बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. परंतु आपल्याच नदीच्या मुखाशी जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांची माहिती थोड्यांसच असते. आणि ज्या १७ जपानी गृहस्थांनी त्यांच्या शेजारी प्राण अर्पण केले, त्यांची तर विचारपूसही कोणी करीत नाही. आमच्या मते या १७ जणांवाचून गोन्सालोंचे चरित्र अपुरे आहे. म्हणून दोहोंची हकीकत येथे एकत्र सांगण्याचे योजिले आहे.

वसई हे बंदर १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगिजांकडे गेले व १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकून घेईपर्यंत त्यांच्याच ताब्यात राहिले. वसईच्या किल्ल्यात ख्रिस्ती धर्मसंघांचे मठ, मंदिरे व पाठशाळा होत्या. त्यांचे भग्नावशेष आजही उभे आहेत. या वसईत १५५६ किंवा १५५७ साली गोन्सालोंचा जन्म झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज शिपाई होते व आई इकडचीच होती, अशी परंपरागत समजूत आहे. येशूसंघाच्या धर्मगुरूंनी किल्ल्यात चालविलेल्या पाठशाळेत त्यांचे शिक्षण झाले.

त्या काळी वसईच्या मुलाच्या दृष्टीस रोज समुद्रावरील गलबते पडत. पंधरा-सोळा वर्षांचा असतानाच गोन्सालो येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला जावयास निघाला. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानात पोहोचले होते व त्यांच्या मागून गेलेल्या धर्मगुरूंचे कार्य तेथे वाढत होते. अशा कार्यात ज्या माणसाची नेहमी वाण पडते, तो म्हणजे त्या देशाची भाषा त्या देशाच्या माणसाप्रमाणे बोलू शकणारा माणूस. गोन्सालोने हे काम पत्करिले. सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून तो जपानात राहिला, आणि जपानी भाषा त्यास इतकी सुरेख अवगत झाली की लहानथोर सर्व लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलत.

येशूसंघात आपणांस बंधू म्हणून घेतले जावे, ही त्यांच्या मनातील उत्कट इच्छा होती. परंतु हिंदुस्थानात जन्मलेल्यांस संघात प्रवेश देण्याविषयी त्या काळी वरिष्ठांचा हात आखडता असे, आणि गोन्सालोंची इच्छा पुरी झाली नाही. इतकी वर्षे निष्ठेने सेवा केल्यावर दार बंद आढळले, तर मनुष्याचे मन कडू व्हावे यात नवल नाही. गोन्सालोंनी संघाचे काम सोडले व व्यापार आरंभिला. भाषा येत होती, बंदरे परिचयाची होती, लोकांचा विश्वास होता. थोड्याच वर्षांत पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा व्यापार भरभराटीस आला व ते श्रीमंत झाले. येथेच त्यांचे चरित्र संपले असते तर एक कर्तबगार वसईकर व्यापारी, एवढीच त्यांची आठवण राहिली असती. किंबहुना तीही राहिली नसती.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरी जात असत. तेथे त्यांची फ्रान्सिस्कन संघाशी गाठ पडली. हा संघ कसा आहे, हे थोडक्यात सांगणे येथे अवश्य आहे. इटलीतील असिसी गावच्या एका सधन कापडव्यापाऱ्याच्या मुलाने, म्हणजे संत फ्रान्सिसांनी, तेराव्या शतकाच्या आरंभी सर्व संपत्तीचा त्याग करून दारिद्र्य, नम्रता व बंधुभाव यांचे जीवन पत्करिले. त्यांच्या मागे गेलेल्या पुरुषांचा पहिला संघ झाला. संत क्लारा यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचा दुसरा संघ झाला. परंतु गावोगावचे शेतकरी, कारागीर, विवाहित स्त्रीपुरुषही त्यांच्याकडे येऊ लागले. घरदार व लेकरे सोडून या सर्वांनी मठात जावे, हे शक्य नव्हते व इष्टही नव्हते. त्यांच्यासाठी १२२१ च्या सुमारास प्रपंचात राहून पाळावयाचा एक जीवनक्रम ठरविण्यात आला व १२८९ साली पोप चौथे निकोलस यांनी त्यास रीतसर नियमावली दिली. हाच फ्रान्सिसांचा तिसरा संघ होय. यातील सभासद आपापल्या घरी राहत, आपापला धंदा करीत. साधा वेष, ठरलेली नित्य प्रार्थना, उपवास, भांडण झाल्यास समेट, विनाकारण शस्त्र न धरणे, आजारी सभासदाच्या समाचारास जाणे व मृत सभासदाच्या अंत्यविधीस सर्वांनी उपस्थित राहणे, असे त्यांचे नियम होते. पोप सहावे पॉल यांनी १९७८ साली या संघास नवी नियमावली दिली, आणि आजही तो जगभर चालू आहे.

एका व्यापाऱ्याच्या मुलाने स्थापिलेल्या या संघाने दुसऱ्या एका व्यापाऱ्याचे मन वेधून घेतले. मनिला येथे गोन्सालोंनी आपल्या व्यापाराचा त्याग केला व फ्रान्सिस्कन संघात ते साधे बंधू म्हणून दाखल झाले. साधा बंधू म्हणजे धर्मगुरूची दीक्षा न घेतलेला. वेदीवरील विधी त्याने करावयाचे नसतात. स्वयंपाक, झाडलोट, भिक्षा, रुग्णसेवा, वाटसरूंची व्यवस्था ही त्याची कामे. ज्याच्या शब्दावर माल चढे व उतरे, त्याने आता मठाचा दरवाजा राखावयाचा होता. पूर्वी जे स्थान त्यांस नाकारण्यात आले होते, त्याहून मोठे स्थान त्यांनी मागितले नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते.

परंतु त्यांची जपानी भाषा त्यांस स्वस्थ बसू देणारी नव्हती. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फिलिपाईन्सच्या स्पॅनिश सुभेदाराकडे अंकित होण्याची मागणी केली होती. तिला उत्तर म्हणून सुभेदाराने १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस वकील करून पाठविले. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून बंधू गोन्सालो गेले. हिदेयोशी त्या वेळी कोरियावरील स्वारीसाठी जपानच्या दक्षिणेकडील नागोया येथील किल्ल्यात मुक्काम करून होता. अशा दरबारात दुभाष्याची जबाबदारी केवढी असते, याची कल्पना करावी. एक शब्द चुकीचा गेला तर मैत्रीचे युद्ध व्हावयाचे. अनवाणी, ठिगळ लावलेल्या झग्यातील या वसईकर बंधूचे शुद्ध जपानी भाषण ऐकून हिदेयोशी प्रसन्न झाला. वकिलांस देशात राहण्याची परवानगी मिळाली, आणि मियाको म्हणजे आजचे क्योतो या राजधानीच्या शहरात त्यांस जागाही देण्यात आली.

त्या जागेवर एक लहान मंदिर व मठ उभा राहिला. संत फ्रान्सिसांच्या सणाच्या दिवशी, ४ ऑक्टोबर १५९४ रोजी, मंदिर उपासनेसाठी खुले झाले. मठाजवळच दोन रुग्णालये निघाली, एक संत आन्नाच्या व दुसरे संत योसेफाच्या नावाचे. ती मुख्यतः कुष्ठरोग्यांसाठी होती. कुष्ठरोगी मनुष्य त्या वेळच्या जपानात, जसा तो आपल्याकडेही, घरातून व गावातून हाकलला जात असे. त्याच्या जखमा धुणे, त्यास जेवू घालणे, त्याच्या शेजारी बसून बोलणे, ही कामे मूठभर परदेशी बंधूंच्याने होणारी नव्हती. ती कोणी केली, या प्रश्नाच्या उत्तरात त्या १७ जणांची ओळख दडलेली आहे.

हे १७ जण म्हणजे मियाको व ओसाका येथील साधे संसारी लोक. मिगेल कोझाकी हा धनुष्ये बनविणारा कारागीर; मंदिर व रुग्णालय बांधण्यास त्याने हातभार लाविला व आपला मुलगा थॉमस यास बंधूंच्या हाती दिला. कॉस्मस ताकेया तलवारी घडवून व पाजवून पोट भरणारा. जॉन किनुया रेशीम विणणारा. फ्रान्सिस नावाचा एक वैद्य होता, थॉमस दांगी औषधे विकणारा होता. पॉल सुझुकी याजकडे संत योसेफाच्या रुग्णालयाची व्यवस्था होती. लिओ कारासुमारू धर्मशिक्षण देई व रुग्णालयांच्या कारभारात लक्ष घाली. त्याचा भाऊ पॉल इबाराकी हाही सोबत होता. योआकिम साकाकिबारा ओसाकाच्या मठात स्वयंपाक करी. लुई इबाराकी १२ वर्षांचा व अंतोनियो १३ वर्षांचा अशी दोन मुले मठातील किरकोळ कामे करीत व वेदीजवळ सेवा करीत. सर्वजण फ्रान्सिसांच्या तिसऱ्या संघाचे म्हणून इतिहासात नोंदले गेले आहेत.

या मंडळींचे जीवन कसे होते, हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. धनुष्य करणाऱ्याने धनुष्य करणे सोडले नाही व विणकराने माग मोडला नाही. मठाच्या अंगणात वैद्य वैद्यकी घेऊन आला, स्वयंपाकी आपले हात घेऊन आला, सुतारकाम जाणणाऱ्याने भिंती उभ्या केल्या. जपानी समाजात तलवार बांधणारा, कारागीर व कुष्ठरोगी यांच्यामध्ये ज्या भिंती होत्या, त्या या अंगणात नव्हत्या. परदेशी बंधूंस भाषा अपुरी पडे तेथे गोन्सालो मध्ये उभे राहत. आणि गोन्सालोंचे हात अपुरे पडत तेथे हे १७ जण उभे राहत. धर्मसंघ धर्मगुरूंचा, व आपण केवळ त्यांचे आश्रित, अशी भावना येथे राहिली नव्हती.

असे असता संकट का ओढवले, हे सांगताना आडपडदा ठेवणे योग्य होणार नाही. हिदेयोशीने १५८७ सालीच परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढिला होता. येशूसंघाचे लोक तेव्हापासून सावधपणे, गाजावाजा न करिता काम करीत होते. फ्रान्सिस्कन बंधू मात्र राजधानीत उघडपणे उपदेश करू लागले. दोन्ही संघांत यामुळे वितुष्ट आले, आणि त्यामागे पोर्तुगीज व स्पॅनिश यांच्या व्यापारी चुरशीचीही छाया होती. अशातच १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात सान फेलिपे नावाचे मनिलाहून निघालेले मोठे स्पॅनिश गलबत वादळाने जपानच्या किनाऱ्यास लागले. हिदेयोशीच्या अंमलदारांनी त्यावरील मूल्यवान माल जप्त केला. स्पेनचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो व मागून सैन्य आणून देश जिंकतो, अशा आशयाची बढाई त्या गलबताच्या सुकाणूधराने मारली, असे सांगण्यात येते. हिदेयोशीचा संशय भडकला. राज्यकर्त्यांचा लोभ व दर्यावर्दी लोकांची घमेंड यांची किंमत रुग्णालयात जखमा धुणाऱ्यांनी मोजली.

डिसेंबर १५९६ मध्ये मियाको व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले व धरपकड झाली. शिपायांजवळ नावांची यादी होती. तीत मत्तियास नावाच्या एका स्वयंपाक्याचे नाव होते; तो त्या वेळी बाहेर गेलेला होता. शिपाई त्याचे नाव घेऊन हाका मारू लागले, तेव्हा शेजारी राहणारा त्याच नावाचा दुसरा एक ख्रिस्ती गृहस्थ आपण होऊन पुढे आला. शिपायांस नाव जुळल्याशी काम. त्यांनी त्यास धरून नेले. या मनुष्याच्या पूर्वायुष्याची एवढीच एक गोष्ट शिल्लक आहे, आणि ती पुरेशी आहे.

एकंदर २४ जण धरले गेले. त्यांची नाके व कान कापावे असा हुकूम होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो सौम्य करवून डाव्या कानाचा तुकडाच काय तो कापविला. ३ जानेवारी १५९७ रोजी त्यांस गाड्यांत बसवून मियाकोच्या रस्त्यांतून फिरविण्यात आले. पुढे ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत महिनाभराचा प्रवास झाला. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबईपासून नागपुरापर्यंतचे. वाटेत मिहारा येथील किल्ल्यात असताना मिगेलचा मुलगा थॉमस याने आईस पत्र लिहिले. वडील व आपण दोघेही निघालो, तरी तिने दुःख करू नये व दोन्ही धाकट्या भावांस सांभाळावे, असा त्याचा आशय होता. ते पत्र घरी पोहोचले नाही. बापाच्या मृत देहावर, त्याच्या वस्त्रांत, ते रक्ताने भिजलेले सापडले.

या प्रवासात बंदिवानांच्या खाण्यापिण्याची सोय पाहण्यासाठी दोघे जपानी ख्रिस्ती, पेद्रो सुकेजिरो व फ्रान्सिस किची, मागोमाग चालत होते. पहारेकऱ्यांनी शेवटी त्यांसही बांधले, आणि २४ चे २६ झाले. या २६ जणांत फ्रान्सिस्कन ६ होते: ४ स्पॅनिश, मेक्सिकोत जन्मलेले एक बंधू फिलिप, व वसईचे गोन्सालो. येशूसंघाचे ३ होते. ते तिघेही जपानी असून त्यांत पॉल मिकी हे प्रसिद्ध आहेत. उरलेले १७ हे आमचे गृहस्थ. ज्या दोन संघांत वितुष्ट होते, त्यांची माणसे शेवटच्या वाटेवर एकत्र चालली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी सकाळी नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस ओळीने तयार ठेविले होते. टेकडीवर प्रथम पोहोचणाऱ्यांत गोन्सालो होते व आपल्या वाट्याचा क्रूस कोणता, हे विचारून घेऊन त्यांनी त्यापुढे गुडघे टेकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १२ वर्षांच्या लुईला धर्म सोडल्यास जीवदान देण्याची तयारी अधिकाऱ्याने दाखविली; त्याने ती स्वीकारली नाही. अंतोनियोचे आईबाप समोर रडत उभे होते. मुलानेच त्यांचे सांत्वन केले. जपानी पद्धतीप्रमाणे हातपाय व मान लोखंडी कड्यांनी व दोरांनी क्रुसास जखडून क्रूस उभे केले गेले, आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून सर्वांचा अंत करण्यात आला. गोन्सालो तेव्हा ४० वर्षांचे होते.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ साली या रक्तसाक्ष्यांस धन्य म्हणून घोषित केले व पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांस संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेल्यांपैकी संतपद पावलेले पहिले गोन्सालो होत. निशिझाका टेकडीवर १९६२ साली शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडविलेले २६ जणांचे ब्राँझचे स्मारक उभे राहिले. त्यात आपले वसईकर बंधूही आहेत.

परंतु या हकीकतीचा खरा शेवट टेकडीवर झाला नाही. १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मास सर्वत्र बंदी झाली. धर्मगुरू हद्दपार झाले किंवा मारले गेले. पुढे एकही उरला नाही. नागासाकीकडील लोकांस दरवर्षी पवित्र चित्रांवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. धर्मगुरूवाचून हा धर्म एका पिढीत लुप्त होणार, असे कोणासही वाटले असते. तसे झाले नाही. खेड्याखेड्यांतील शेतकरी व कोळी यांनी तो घरातच जतन केला. गावातील एक गृहस्थ सणवारांचे पंचांग ठेवी, दुसरा मुलांस बाप्तिस्मा देई, तिसरा घरोघर निरोप पोहोचवी. नागासाकीत ओउरा येथे २६ रक्तसाक्ष्यांच्याच नावाने एक मंदिर बांधले गेले, आणि १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक तेथील फ्रेंच धर्मगुरूंकडे येऊन आपण त्याच धर्माचे आहोत असे हळूच सांगते झाले. सुमारे अडीचशे वर्षे ज्यांनी विश्वास राखला, ते सर्व प्रापंचिक लोक होते. मियाकोच्या अंगणात जे १७ जणांनी करून दाखविले, तेच या लोकांनी नऊदहा पिढ्या केले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या तालुक्यांतील घरांकडे पाहा. कोणाचे वडील पहाटेच्या लोकलने मुंबईस कामास जातात, कोणाचे खोपोलीच्या कारखान्यात आहेत, कोणाचे आईवडील वीटभट्टीच्या हंगामात घर सोडून जातात, कोणी भाताची खाचरे करतात. तुमच्यापैकी बहुतेकजण मोठेपणी असेच संसारी होतील. मठ, आश्रम किंवा देऊळ ही सेवेची व भक्तीची जागा, आणि आपले घर व धंदा ही केवळ पोटाची जागा, अशी जी विभागणी लोक करितात, ती या चरित्राने खोटी ठरविली आहे. हातातील कसब हीच सेवेची पहिली शिदोरी होय. ते घेऊन शेजाऱ्याच्या दुःखापाशी कसे जावे, एवढाच प्रश्न आहे. आणि एकट्याने गेल्यास हात थोडे पडतात, म्हणून चारजणांनी मिळून जावे, हे संत फ्रान्सिसांच्या तिसऱ्या संघाचे सार आहे.

दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी संत गोन्सालोंचे स्मरण केले जाते. वसई तालुक्यातील गास या गावी त्यांच्या नावाचे मंदिर आहे. कर्जतहून दिवा येथे गाडी बदलून वसईस एका दिवसात जाऊन येता येते. जे कोणी जातील त्यांनी किल्ल्यातील पडक्या मठांच्या भिंतीही पाहून याव्या. आणि संत गोन्सालोंचे नाव घेताना धनुष्य करणारा मिगेल, विणकर जॉन, स्वयंपाकी योआकिम, व दुसऱ्याच्या नावाची हाक ऐकून पुढे आलेला मत्तियास, यांचीही नावे घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.